रात्री घोडीच्या पोटात दुखलं तर फोन कोणाला करायचा?

डॉक्टरकाका, सादर नमस्कार.

आम्ही सुदामानगरला राहतो. खंडवा रोडला सिमरोळच्या अलीकडे सासऱ्यांची थोडी जमीन आहे, तिथे आमची मारवाडी घोडी असते. तिची देखभाल करणारा सईस कुटुंबासह तिथेच राहतो. गेल्या आठवड्यात पुतण्याच्या वरातीला आमचीच घोडी नेली. सगळ्यांनी तिचे लाड केले, ओवाळलं, भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ खाऊ घातला. त्याच रात्री साडेअकराला सईसचा फोन आला, ‘घोडी चंदीला तोंड लावत नाही, पाय झाडते, सारखी लोळते.’ आम्ही दोघं धावत गेलो. कितीतरी डॉक्टरांना फोन केले. एक म्हणाले, ‘मी फक्त कुत्री-मांजरं बघतो.’ दुसरे म्हणाले, ‘सकाळी बघू.’ बाकीच्यांनी उचललाच नाही. ज्या शहरात रात्री दोन वाजता सराफ्यात गरम जिलेबी मिळते तिथे घोड्याला डॉक्टर मिळत नाही! शेवटी शेजारच्या वस्तीवरचा एक जण आला. त्याने बाटलीने घोडीच्या नरड्यात गोडं तेल ओतलं आणि मेडिकलमधून आणलेलं दुखण्याचं इंजेक्शन मानेत टोचलं. पहाटे सरकारी डॉक्टर आले, त्यांनी नाकातून नळी घातली, भसाभस हवा आणि आंबट पाणी निघालं. घोडी वाचली. आता खाते-पिते, फक्त दोन दिवस जरा जपून पाय टाकते आहे, थकली असेल.

मला विचारायचं आहे की रात्री डॉक्टर मिळावा म्हणून काय करायचं? घरात कोणती इंजेक्शनं ठेवायची? ज्यांनी यायला नकार दिला त्यांना नोटीस पाठवता येते का? आणि आमचे हे म्हणतात, ‘डॉक्टर मिळत नसेल तर घोडी ठेवायचीच कशाला, विकून टाक.’ त्यांचं बरोबर आहे का?

– एक घोडीवाली, इंदूर

ताई, तुमच्या चारही प्रश्नांआधी मला तुमचं एक वाक्य दिसलं: ‘जपून पाय टाकते आहे, थकली असेल.’ ते वाचून मी त्याच दिवशी फोन केला आणि तुम्ही लगेच डॉक्टरांना बोलावलंत, हे बरं झालं. तेच इथे छापतो आहे, कारण लग्नसराईत हा प्रकार आणखी कितीजणांच्या दारात होत असेल.

घोडीच्या पोटात दुखण्याचं कारण तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, फक्त लाडाच्या यादीत लिहिलं आहे. वरातीत प्रत्येक आत्या, मामी आणि मावशी मूठमूठभर भिजवलेली डाळ भरवते. घोडी सभ्य, ती कोणालाच नाही म्हणत नाही. रोज मोजून चंदी खाणाऱ्या जनावराच्या पोटात तासाभरात किती डाळ-गूळ गेला याचा हिशेब कोणाकडेच नसतो. ही डाळ लहान आतड्यात पुरती पचत नाही, मागच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. गॅस होतो, पोट फुगतं, ही पहिली रात्र. पण गोष्ट तिथे संपत नाही. त्या आंबण्यातून जे विष रक्तात उतरतं ते खुराच्या आतल्या नाजूक पडद्यांना सुजवतं. याला लॅमिनायटिस म्हणतात आणि तो साधारण एक ते तीन दिवसांनी, म्हणजे ‘सुटलो बुवा’ असं वाटायला लागल्यावर दिसतो. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो. कडक जमिनीवर वळायला नको म्हणतो. खूर हाताला गरम लागतो, खुराच्या वर घोट्याशी नाडी ठणठण उडते. अशा वेळी ‘थोडं फिरवलं की मोकळी होईल’ म्हणून तिला चालवणं हा सर्वांत वाईट उपाय. जाड मऊ पेंढा, पूर्ण विश्रांती, दाण्याला सुट्टी, आणि डॉक्टर. ज्या दिवशी घोडीने जास्त दाणा खाल्ल्याचं कळतं त्याच दिवसापासून खूर बर्फाच्या पाण्यात ठेवले तर बरंच नुकसान टळतं. लंगडायला लागल्यावर त्याचा तेवढा उपयोग होत नाही. खुरातलं हाड फिरलं असेल तर ते एक्स-रेशिवाय कळत नाही, म्हणून तोही काढून घ्या.

आता नोटिशीचं बघू, म्हणजे राग बाजूला होईल. कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांवर रागावू नका. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, आणि ती सगळ्या जनावरांसाठी असते, हे खरं. कायद्याने त्यांना घोडा तपासता येतो. पण ज्यांनी शिकत असताना एखाद-दुसऱ्या घोड्याच्या नाकात नळी घातली आणि नंतर आयुष्यभर लॅब्राडॉर आणि पर्शियन मांजरी बघितल्या, त्यांनी मध्यरात्री टॉर्चच्या उजेडात तुमच्या घोडीवर हात साफ करावा, असं मला मुळीच वाटत नाही. ती नळी अन्ननलिकेत जायला हवी. चुकून श्वासनलिकेत गेली आणि त्यातून औषध सोडलं तर घोडी तुमच्या डोळ्यांदेखत जाईल. त्यांनी फोनवरच ‘हे माझं काम नाही’ म्हटलं, तुमचा वेळ वाचवला. मी असतो तर त्यांना एवढंच विचारलं असतं, ‘मग कोणाचं काम आहे, नंबर द्या.’ पुढच्या वेळी तुम्हीही विचारा.

‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्यांबद्दल माझी थोडी तक्रार आहे. पण तुम्ही त्यांना फोनवर काय सांगितलंत तेही मला माहीत आहे, कारण माझ्या नोकरीत रात्रीचे फोन सगळे असेच यायचे: ‘साहेब, घोडी लोळतेय, लवकर या.’ यावरून आठ आण्याची गॅस आहे की पीळ पडलेलं आतडं आहे, हे कोणाला कळणार? याबद्दल पुढे लिहितो.

राग काढायचाच असेल तर तेल ओतणाऱ्या माणसावर काढा, आणि पुढच्या वेळी त्याला चहा पाजून परत पाठवा. त्याचा हेतू चांगला होता, मी मानतो. खेड्यापाड्यात गाय-बैल फुगले की नळकांड्याने तेल पाजतात आणि बऱ्याचदा निभावतं. घोड्याची गोष्ट वेगळी आहे. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी स्नायूंचं कडं इतकं घट्ट असतं की आत गेलेलं वर येत नाही. आणि एवढ्या मोठ्या जनावराचं जठर असतं जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यात गॅस आणि पाणी साचत गेलं आणि बाहेर यायला वाट मिळाली नाही तर जठर फुटतं, आणि फुटल्यावर जगातला कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. म्हणून पहाटे आलेल्या डॉक्टरांनी सर्वांत आधी नळी घातली. भसाभस जी हवा निघाली तिनेच तुमची घोडी वाचवली. आधीच तुडुंब भरलेल्या जठरात वरून अर्धा-पाऊण लिटर तेल ओतणं म्हणजे काय, ते आता तुम्हीच ठरवा. शिवाय डोकं वर ताणून बाटलीने पाजताना ते तेल फुप्फुसात उतरण्याची भीती असते. चार दिवसांनी ताप, खोकला, नाकातून घाण वास येणारा स्राव दिसला तर डॉक्टरांना हा तेलाचा प्रसंग आवर्जून सांगा. हिंग, बिअर, चिलमीचा धूर, गुदद्वारात हात घालून लीद काढणं, हे सगळे घरगुती उपाय याच खात्यात जातात. आतड्याची भिंत पातळ असते, अनाडी हाताने फाटते.

इंजेक्शनाबद्दल दोन गोष्टी. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण माणसांच्या मेडिकलमधून रात्री जे मिळतं ते बहुधा डायक्लोफिनॅक. जनावरांसाठी त्याला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, गिधाडं त्याने मेली म्हणून. माणसांच्या डायक्लोफिनॅकची मोठी बाटली जनावरांसाठी वापरली जाऊ नये, म्हणून २०१५ मध्ये ती कुपीही तीन मिलिलिटरची केली. दुसरी गोष्ट म्हणजे दुखणं मारणारं कुठलंही इंजेक्शन, अगदी घोड्यांसाठीचं फ्लुनिक्सिनसुद्धा, आजार तसाच ठेवून लक्षणं झाकतं. घोडी शांत होते, घरचे झोपायला जातात, आणि आत पीळ पडलेलं आतडं काळं पडत राहतं. डॉक्टर आल्यावर त्यांना शांत घोडी दिसते आणि अंदाज चुकतो. म्हणून काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, हे कागदावर लिहून ठेवायचं, लाजायचं नाही.

तर घरात कोणती इंजेक्शनं ठेवायची? डॉक्टरांनी तुमच्या घोडीला तपासून, तिच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली असेल आणि ‘मला फोन करूनच द्यायचं’ असं सांगितलं असेल, तेवढंच. शिरेत टोचणं तर सईसने कधीच करू नये. मानेत शिरेच्या मागेच धमनी असते. सुई तिच्यात गेली तर औषध थेट मेंदूकडे जातं आणि घोडा झटके येऊन जागेवर कोसळतो. त्यापेक्षा एक थर्मामीटर, एक साधा स्टेथोस्कोप, चांगला टॉर्च, कापूस, पट्ट्या, पोव्हिडोन आयोडीन, जखम धुवायला सलाईनच्या बाटल्या, मजबूत मोरकी आणि लांब दोर, आणि शिंप्याकडची मोजपट्टी, एवढं एका डब्यात घालून तबेल्यात टांगा. तेवढ्याने फोनवरचा संवादच बदलतो.

मोजपट्टी वजनासाठी. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून मागे पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर घोडी साधारण ३६५ किलोची. हा आकडा आजच तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. रात्री बाराला ‘असेल तीनशे-साडेतीनशे’ असं सांगण्यात आणि हे सांगण्यात फरक आहे.

स्टेथोस्कोप डाव्या कोपराच्या मागे लावून ठोके मोजा, पंधरा सेकंद मोजून चाराने गुणा. निवांत घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. श्वास ८ ते १६. ताप ९९ ते १०१ फॅरनहाइट हा नेहमीचा. हिरडी गुलाबी आणि ओलसर असायला हवी, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. कान कुशीला लावला तर आत गुरगुर ऐकू येते, दोन्ही बाजूंना, वरखाली. ती पूर्ण बंद असणं वाईट. ठोके साठच्या वर गेले आणि तिथेच राहिले, हिरडी विटकरी किंवा निळसर झाली, तर समजा की वाट बघण्याचा प्रश्न उरला नाही. हे आकडे घोडी धडधाकट असताना सईसला आणि त्याच्या मोठ्या मुलाला मोजायला शिकवा. त्यांना तुमच्यापेक्षा लवकर जमेल.

मग फोनवर असं बोला: ‘नऊ वर्षांची मारवाडी घोडी’ (वय मी अंदाजाने लिहितो, तुमच्या घोडीचं तुम्ही घाला), ‘३६५ किलो, दहा वाजल्यापासून पोटात दुखतंय, संध्याकाळी भरपूर भिजवलेली डाळ खाल्ली, शेवटची लीद सातला, ठोके ५६, ताप नाही, हिरडी गुलाबी, काही औषध दिलेलं नाही, जागेचं लोकेशन पाठवलंय.’ अर्ध्या मिनिटाचं बोलणं. यानंतरही न येणारे डॉक्टर असतातच, पण निदान ते फोनवरून तासभर तुमच्याबरोबर राहतात. व्हिडिओ कॉलवर पुष्कळ काही दिसतं.

डॉक्टर येईपर्यंत पुढ्यातलं सगळं खाणं काढा. घोडी शांत आडवी पडली असेल तर पडू द्या, मारून उठवू नका. जोरजोरात लोळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, रात्रभर वेड्यासारखी चालवून तिचा जीव काढू नका. लोळणाऱ्या घोड्याजवळ लहान मुलं नकोत आणि भिंतीच्या फटीत तुम्हीही नको.

आता मुख्य प्रश्न. रात्री डॉक्टर मिळत का नाही? २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून साधारण ३.४ लाख भरली. त्याआधीच्या, २०१२ च्या गणनेत ती सव्वासहा लाख होती. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. त्याच गणनेत गाई-बैल एकोणीस कोटींच्या वर. सरकारी डॉक्टरांच्या दारात रोज कोण उभं असतं ते यावरून कळेल. होळकरांचं घोडदळ ज्या गावातून निघायचं, पागनीस पागा नावाची वस्ती जिथे अजून आहे, तिथे घोडा आता लग्नापुरता आणि हौशीपुरता उरला आहे. त्यामुळे ‘इंदूरसारख्या मोठ्या शहरात’ हा तुमचा मुद्दा मला मान्य नाही. शहर मोठं होतं तसे कुत्र्यांचे दवाखाने वाढतात, घोड्यांचे नाही.

पण घोड्यांचा हात असलेली माणसं आहेत, आणि ती कुठे आहेत हे सर्वांत चांगलं कोणाला माहीत असतं ठाऊक आहे? वरातीच्या घोडीवाल्यांना. त्यांचं पोट घोडीवर चालतं. लग्नसराईत त्यांच्या घोड्या रोज डीजेच्या आवाजात उभ्या राहतात, रोज कोणाची तरी डाळ खातात, आणि रात्री आजारी पडतात. कुठला डॉक्टर बारा वाजता मोटारसायकल काढतो, कुठला पैसे घेऊनही येत नाही, कोणाचा हात हलका आहे, हे त्यांच्या मोबाईलमध्ये साठवलेलं असतं. आपल्याकडे हौशी घोडेवाले या लोकांशी बोलत नाहीत, त्यांना जरा खालचे समजतात. तुम्ही जा, बोला. तसंच जिथे मुलांना घोडेस्वारी शिकवतात, डेली कॉलेजसारख्या शाळा किंवा खासगी क्लब, तिथे रोज घोडे उभे असतात म्हणजे कोणी ना कोणी डॉक्टर येत असणारच. त्यांचं नाव विचारायला संकोच कसला?

दुसरं ठिकाण तुमच्या सिमरोळहून फार लांब नाही. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासूनचं, आता जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाखाली. तिथे शिकवणारे शल्यचिकित्सक असतात, शिकाऊ डॉक्टर असतात, दवाखाना असतो. एखाद्या सकाळी घोडीला घेऊन जा, काही आजार नसताना. धनुर्वाताची लस द्या (घोड्यासारखं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर दुसरं नाही, दरवर्षी द्यायची), दात तपासून घ्या, लीद तपासून जंताचं औषध घ्या, आणि केसपेपर काढा. तेव्हाच विचारा, रात्री कोण असतं, फोन कोणाला करायचा, घोडा हलू नये म्हणून उभा करायचा खोडा (दांड्यांची चौकट) आहे का, क्ष-किरण केव्हा मिळतं. हे प्रश्न दिवसा विचारले की माणसं नीट उत्तरं देतात, आणि तुमचा चेहरा लक्षात राहतो. ओळखीच्या केसपेपरला रात्रीसुद्धा वजन असतं.

१९६२ हा जनावरांच्या डॉक्टरसाठीचा सरकारी फोन नंबर तुमच्याकडे असेलच. केंद्राच्या योजनेतली फिरती पशुचिकित्सा वाहनं मध्य प्रदेशात २०२३ पासून धावतात, त्यात डॉक्टर, मदतनीस आणि चालक असतो. फोन करा जरूर, पण आधी एकदा दिवसा करून बघा की तुमच्या भागात गाडी किती ते कितीपर्यंत येते आणि त्यांच्याकडे घोड्याची नळी असते का. पहाटे आलेल्या सरकारी डॉक्टरांच्या दवाखान्यातही जा, आभार माना, त्यांचं काय देणं-घेणं ते विचारा.

आणि एकटीने सगळं करू नका. घोडीवाले, तुमच्यासारखे दोन-चार हौशी, एखादा क्लब, असे वीस-पंचवीस घोडे एकत्र झाले की चित्र बदलतं. वर्षातून दोन वेळा एकाच मैदानात सगळे घोडे आणा, डॉक्टरांना दिवसभराचं काम द्या: लसी, दात, जंत, पाय. नालबंदालाही त्याच दिवशी बोलवा. दरमहा प्रत्येक घोड्यामागे ठरलेली रक्कम त्यांना द्या, आजारी पडो न पडो. रात्रीची फी वेगळी, आधीच ठरवलेली, आणि ती देताना घासाघीस नाही. वरातीत बँडवाल्याला ‘अजून एक गाणं’ म्हणून पाचशेची नोट काढतो आपण, डॉक्टरांच्या पेट्रोलवर मात्र वाद घालतो. डॉक्टरांची बाजूही बघा: एकट्याने अंधारात कच्च्या रस्त्याने यायचं, धरायला माणूस नाही, दिवा नाही, घोडा लाथा झाडतोय, आणि जनावर गेलंच तर घरच्यांच्या शिव्या. तुमच्या तबेल्यात एक चांगला दिवा, बादलीभर कोमट पाण्याची सोय आणि मजबूत खोडा असला, रस्त्याच्या फाट्यावर टॉर्च घेऊन कोणी उभा असला, की पुढच्या वेळी ते नाही म्हणणार नाहीत.

घोडी हलवायची वेळ आली तर? रात्री लोडिंगवाला शोधायला निघू नका. एकाला आजच ठरवून ठेवा. ‘छोटा हाथी’ म्हणतात तो लहान टेम्पो घोड्याला पुरत नाही, मोठी पिकअप लागते, तळाला घसरू नये म्हणून माती किंवा पेंढा टाकायचा. चढवायला मातीचा उतार करून ठेवा आणि घोडी बरी झाली की तिला दिवसा, शांतपणे, चंदीच्या आमिषाने चढायची-उतरायची सवय लावा. दुखणारी घोडी पहिल्यांदा गाडीत चढत नाही, चढवताना माणसांचे पाय मोडतात. एक अपवाद: नाकातून घट्ट पिवळा स्राव, अंगावर गाठी-फोड आणि ताप असेल तर घोडा हलवायचा नाही, बाकीच्यांपासून वेगळा करून सरकारी पशुवैद्यकाला कळवायचं. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

पोटदुखीशिवाय आणखी तीन-चार प्रसंग असे आहेत की सकाळची वाट बघायची नाही. घोडी विताना जोर द्यायला लागल्यापासून अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. गाईचा हिशेब इथे लावू नका. वार गाईची बारा तास राहिली तरी लोक थांबतात, घोडीची तीन तासांत पडली नाही तर डॉक्टर हवा. वितेवेळी पांढऱ्याऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली तर ती लगेच फाडून शिंगरू ओढायचं, फोन नंतर. डोळा बंद, पाणी वाहतंय, तर घरातलं उरलेलं डोळ्याचं मलम घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर डोळा जातो. नाकातून चारा आणि लाळ आली तर घशात अडकलं आहे, खाणं-पाणी काढा, डोकं खाली राहू द्या. पण तोंडात हात घालू नका, कारण लाळ गाळणारा घोडा पिसाळलेलाही असू शकतो.

एक कठीण गोष्ट तुम्ही दोघांनी चहा घेताना बोलून घ्या. पीळ पडलेल्या आतड्यासाठी पोट उघडावं लागतं, आणि ते आपल्याकडच्या बहुतेक घोडेवाल्यांच्या आवाक्याबाहेर आहे, पैशानेही आणि अंतरानेही. त्या रात्री डॉक्टरांनी ‘आता हिला त्रासातून सोडवायला हवं’ म्हटलं, तर होकार कोण देणार? तुम्ही गावाला असाल तर सईसने कोणाचं ऐकायचं? हे ठरलेलं नसतं म्हणून जनावरं दोन-दोन दिवस तडफडताना मी पाहिली आहेत.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. ते चुकीचं नाही, अर्धं आहे. वर लिहिलेलं सगळं करायला वर्षाचा खर्च आणि रविवार लागतात. ते द्यायची तयारी नसेल तर घोडी ज्याच्याकडे ही सोय आहे त्याच्याकडे गेलेली बरी, आणि मी त्याला निष्ठुरपणा म्हणणार नाही. तयारी असेल तर डॉक्टर हे ती विकण्याचं कारण होऊ शकत नाही, सिमरोळ काही लडाख नाही. फक्त या महिन्यात विकायचा विषय काढू नका. खुरांचा एक्स-रे आल्याशिवाय तिची खरी किंमत तुम्हालाच कळणार नाही, आणि आला की तो गिऱ्हाइकाला दाखवावा लागेल. वरातीचा घोडा म्हणून ती कोणी मागितली तर मात्र सरळ नाही म्हणा. तिला पुन्हा डाळ पचणार नाही, आणि त्या माणसाला ती लंगडी झाल्यावर तुमचाच नंबर आठवेल.